उघड्या पाठीचा हेडफोन

"काही लावू नका," हे दुकानदाराला म्हणाले.

बटणाकडे गेलेला दुकानदाराचा हात तिथेच थांबला. "काहीच लावू नको? मग ऐकणार काय?"

"तेच ऐकायचंय."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या किमतींच्या पाट्या वाचायला लागले. पंचवीस वर्षं संसार केल्यावर बाईला एवढं कळतंच, की नवरा चारचौघांत विचित्र वागायला लागला की आपण पाट्या वाचाव्यात.

हे डोळे मिटून खुर्चीत बसले होते. डोक्यावर हेडफोन, हात मांड्यांवर. मिनिटभराने त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला. "ह्याच्यात वाळू आहे."

"वाळू?"

"बारीक. सारखी सळसळतेय. दुसरा द्या."

दुसऱ्यात माशी घोंघावत होती. तिसऱ्याचा डावा कान उजव्यापेक्षा किंचित मागे होता, असं ह्यांचं म्हणणं. दुकानदाराने कसलंसं यंत्र लावून ते तपासलं आणि तेव्हापासून त्याचं गालातल्या गालात हसणं बंद झालं.

"आपण करता काय?" त्याने विचारलं.

"पाणीपुरवठा खात्यात आहे. गळती ऐकतो."

हे खरंच होतं. रस्त्याखालचा पाइप कुठे फुटलाय ते वरून दिसत नाही. पाणी गटारात मुरतं, नळाला दाब राहत नाही आणि लोक खात्याच्या नावाने खडे फोडतात. मग हे पहाटे, वाहनं सुरू व्हायच्या आधी, लोखंडी काठी घेऊन निघत. काठीच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी. टोक जमिनीला, वाटी कानाला. दहा पावलं, थांबायचं. दहा पावलं, थांबायचं. मग खडूने फुली मारायची. सकाळी मुकादम माणसं घेऊन येई, फुलीवर खणे, आणि पाणी तिथेच असे. खात्यात ह्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे 'कानवाले' म्हणत, आणि मी अर्थात कानवाल्यांची बायको.

चौथा हेडफोन काढताना दुकानदार सावध झाला होता. "हा घरी शांत बसून ऐकायचा. पण आधीच सांगतो, ह्याची पाठ उघडी आहे. बघा, मागे नुसती जाळी. आतला आवाज बाहेर जातो, शेजारी बसलेल्याला ऐकू येतो. मागाहून तक्रार नको."

"आणि बाहेरचा आत येतो?"

"येतो ना, तोच तर ह्याचा तोटा. बाहेरचं काही नकोच असेल तर बंद पाठीचे दाखवतो."

"नको. हाच द्या." ह्यांनी माझ्याकडे हनुवटी केली. "हिने हाक मारली तर ऐकू आली पाहिजे."

हे कधी गोड बोलणाऱ्यातले नव्हते. माझ्या वाढदिवसाला "आज अमुक तारीख ना?" एवढं म्हणाले तरी मी समजून घ्यायचे. त्यामुळे त्या परक्या माणसासमोर ते वाक्य ऐकून मला काय करावं ते सुचेना. मी परत पाट्या वाचल्या.

घरात आम्ही दोघंच. पुढच्या खोलीत माझी पायमशीन, खिडकीखाली. लोकांचे कपडे सैल करायचे, आवळायचे, आखूड करायचे, हे माझं काम. मशीनपासून चार हातांवर ह्यांची खुर्ची. तिच्याशेजारी स्टुलावर एक काळा डबा, त्याला पुढे आवाजाचं गोल बटण, मागे हेडफोनची वायर. दुपारी कामावरून आले की हे जेवत, मग खुर्चीत बसत आणि हेडफोन चढवत. बासरी ऐकत. त्यातही एकच तबकडी पुन्हा पुन्हा. माझा नवरा दुसऱ्या बाईत गुंतला असता तर मी भांडले असते; बासरीशी भांडायचं कसं?

एकदा त्यांनी मला बोलावून हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला. "ऐक. आता... इथे. श्वास घेतला त्याने. ऐकलास?"

"बासरी ऐकली."

"बासरी काय, कोणीही ऐकेल. तिच्या आधी बघ. ओठ लावायच्या आधी." परत लावलं. "आता. इथे."

मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. पण ते इतक्या आशेने माझ्या तोंडाकडे बघत होते, की मी म्हटलं, "हं, आला." त्यांनी लगेच ओळखलं आणि हसले. "खोटं. तुझे डोळे हलले नाहीत." ह्यांच्याशी खोटं बोलता यायचं नाही ते असं.

उघड्या पाठीतून आवाज झिरपायचा, पण जेमतेम. मशीन चालू असली की काहीच नाही. मी दोरा ओवायला थांबले की खोलीत एक अगदी बारीक सूर असायचा. दुकानदाराला वाटली होती तशी तक्रार माझी नव्हती. दोरा ओवायला मी हळूहळू जास्त वेळ लावायला लागले. आणि अशाच एका दुपारी, खुर्चीपासून चार हातांवर, मला तो श्वास ऐकू आला. ह्यांना सांगितलं नाही. म्हटलं, सांगू कधीतरी.

पाच वर्षं गेली. मग एका दुपारी मी कुणाच्यातरी कोटाची बाही लावत होते आणि माझ्या लक्षात आलं, की मशीन चालू आहे आणि तरीही मला बासरी ऐकू येतेय.

मी पाय थांबवला. सूर खोलीभर होता. हे डोळे मिटून बसले होते, शांत, नेहमीसारखे.

ते अंघोळीला गेल्यावर मी माझ्या शिवणाच्या खडूने त्या गोल बटणावर एक रेघ मारली आणि तिच्यासमोर डब्यावर दुसरी. पंधरा दिवसांनी दोन रेघा समोरासमोर नव्हत्या. महिन्याने त्यांच्यात अर्ध्या बोटाचं अंतर पडलं. लोकांच्या कमरा वाढतात तेव्हा मी असंच अंतर मोजते. पण कमरेला काही करता येतं.

ह्यांना कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. आम्ही दोघंही झाकली मूठ सव्वा लाखाची धरून बसलो होतो. मी हाक मारायच्या आधी त्यांच्या समोर जाऊन उभी राहायला लागले. ते माझ्या ओठांकडे बघून उत्तर द्यायला लागले. आणि तरी रोज दुपारी एकदा ते बोट वर करत आणि म्हणत, "इथे बघ. श्वास घेतला." बरोबर त्याच जागी. मला तो श्वास स्पष्ट ऐकू येत होता. ते मात्र आठवणीवरून बोट वर करत होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. "अहो, डॉक्टरकडे जाऊ," एवढे शब्द. ते तोंडातून निघाले नाहीत, कारण पुढचं मला दिसत होतं. खात्यात दरवर्षी डोळे तपासत, रक्तदाब तपासत. कान मात्र कोणी तपासत नसे, आणि ह्यांचे तर कोण तपासणार! पण कागदावर आलं असतं तर काठी काढून घेतली असती आणि ह्यांना भांडारात बसवलं असतं, जुन्या नळांच्या आणि चकत्यांच्या ढिगात. ह्यांच्या आधीचा काठीवाला तसाच बसवला होता. त्याला भेटून आले की हे दोन दोन दिवस जेवायचे नाहीत. "गंजतोय तो," म्हणायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. म्हटलं, दोन वर्षं काय, बघता बघता जातील. आणि खरं सांगायचं तर मलाही कानवाल्यांची बायको राहायचं होतं.

मग मुकादम आला. त्याचे सगळे कपडे माझ्याकडे असत. उंच, आडदांड माणूस, आवाज असा की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावा. त्या दिवशी मात्र तो दारातच घुटमळला आणि हळू बोलला.

"कानवाले आहेत?"

"बाजारात गेलेत. या ना."

तो बसला नाही. "वहिनी, एक विचारू? रागवायचं नाही."

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन."

तो हसला नाही. "ह्या महिन्यात दोन खड्डे कोरडे गेले."

मशीनवर कापड होतं, ते मी उगीच सरळ केलं. कोरडा खड्डा म्हणजे फुलीवर खणलं आणि खाली पाणीच नाही. तीस वर्षांत ह्यांचे कोरडे खड्डे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

"होतं असं कधी कधी," मी म्हटलं.

"होतं. माझं काही म्हणणं नाही. पण उद्याचं काम चढावरच्या मोठ्या पाइपाचं आहे. नवं यंत्र आलंय ना, ते एक जागा दाखवतंय. कानवाल्यांच्या फुलीपासून सात-आठ पावलं वर. साहेब म्हणतात, कानवाले म्हणतील तसं. मी म्हणालो तर साहेब यंत्राचं ऐकतील. म्हणून आलो." त्याने टोपी काढून हातात घेतली. "तुम्ही घरातल्या. तुम्ही सांगाल ते मी मानेन. त्यांना नीट ऐकू येतं ना?"

कधीतरी कुणीतरी विचारणार हे मला ठाऊक होतं. उत्तर तयार नव्हतं असं मी म्हणणार नाही. ते फार दिवसांपासून तयार होतं.

"त्यांना?" मी म्हणाले. "सुई पडली तरी विचारतात, कुठे पडली."

मुकादमाचा चेहरा मोकळा झाला. "मग झालं. उगीच डोक्यात किडा आला होता." जाताना तो नेहमीच्या आवाजात ओरडला, "येतो वहिनी!" आणि मला बरं वाटलं. हेही सांगितलं पाहिजे. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी फुलीवर खणलं. चार फूट खाली कोरडं. पाणी सात-आठ पावलं वर होतं, यंत्र म्हणत होतं तिथेच. कितीतरी दिवस झिरपून त्याने आतली माती नेली होती आणि वर नुसतं रस्त्याचं कवच राहिलं होतं. खड्ड्यातली माती माणसांनी नेमकी तिथेच रचली. मुकादम त्या ढिगावर उभा राहून खाली सूचना देत होता. कवच फुटलं आणि मातीसकट तो आत गेला. बाहेर काढायला अर्धा तास लागला. डावा पाय पाइप आणि दगडाच्या मध्ये सापडला होता.

हे त्या दिवशी संध्याकाळी घरी आले, हात धुतले, जेवले नाहीत. हेडफोनकडे गेले नाहीत.

"बारीक शीळ जवळ असते," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "जाड घरघर लांबपर्यंत जाते. नवशिक्यालाही माहीत असतं. मला नुसती घरघर ऐकू येत होती. तिच्याच मागे गेलो."

मी त्यांच्या समोर जाऊन बसले, त्यांना दिसेन अशी.

"मला दोन वर्षं शीळ ऐकू येत नाहीये," ते म्हणाले. "कोणाला सांगितलं नाही. तुलाही नाही."

"मला माहीत होतं."

"कसं?"

"तुमची बासरी मला मशीन चालू असताना ऐकू यायची."

त्यांनी स्टुलावरच्या डब्याकडे पाहिलं. खडूच्या रेघा त्यांना तेव्हा दिसल्या असाव्यात. मग म्हणाले, "तू सांगितलं असतंस, तरी मी ऐकलं नसतं." माझ्यावरचा भार ते असा उचलत होते, आणि त्यांना ठाऊकही नव्हतं तो केवढा आहे. मुकादम आदल्या दिवशी आला होता हे मी तेव्हा सांगू शकले असते. मी ताट झाकून ठेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी हे साहेबांकडे गेले. साहेब म्हणत होते, जमीनच पोकळ होती, कोणाचा काय दोष, कागदावर तसंच लिहू. ह्यांनी काठी साहेबांच्या टेबलावर आडवी ठेवली. "चूक माझ्या कानाची आहे. एकट्या माझ्या. तसं लिहा." मग भांडारात गेले आणि उरलेली दोन वर्षं नळ आणि चकत्या मोजल्या. रजा घेतली नाही, कुरकुर केली नाही. दर रविवारी मुकादमाला बघायला गेले. तिकडून आल्यावर खुर्चीत बसायचे आणि हातांकडे बघत राहायचे.

डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं होतं. त्याने भांड्यांचा आवाज वाढतो आणि माणसांचा घोळ होतो, म्हणून ते डबीत राहिलं.

हे निवृत्त झाले त्याच्या पुढच्या महिन्यातली गोष्ट. दुपारी जिन्यावर काठी वाजली. आधी काठी, मग एक पाय, मग दुसरा. मुकादम त्या अपघातानंतर पहिल्यांदाच आमच्या घरी येत होता. हे खुर्चीत होते, दाराकडे पाठ, डोक्यावर हेडफोन. मुकादमाने त्यांना हाक मारली नाही. खांद्यावर हात ठेवला. ह्यांनी वळून पाहिलं, चटकन उठून त्याला स्वतःची खुर्ची दिली. मुकादम बसला नाही. दोघांनी एकमेकांचा हात धरला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

मग तो माझ्याकडे आला आणि पिशवीतून पँट काढली. नवी होती.

"डावा पाय जरा आखूड करायचाय वहिनी. दोन बोटं. उजवा आहे तसाच राहू द्या."

मी पँट हातात घेतली. इतक्या वर्षांत हजारो पँटी आखूड केल्या असतील, पण एका पायाची कधी केली नव्हती. माप घ्यायला मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले. टेप त्याच्या घोट्याजवळ धरला, आणि तोंड वर न करता म्हणाले, "मुकादम, त्या दिवशी तुम्ही विचारायला आलात, तेव्हा मी तुम्हाला..."

"दुमड सरळ घाला बरं का," तो म्हणाला. "मागच्या वेळी दुसरीकडे दिली होती. त्याने वाकडी घातली."

मी वर पाहिलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"त्यांना काही बोललात?" मी विचारलं.

"कशाला? त्यांना आहे तेवढं पुरे आहे." त्याने काठी सावरली. "बुधवारी येतो." आवाज आता पलीकडच्या गल्लीत जात नव्हता.

तो गेला. जिना उतरायला त्याला किती वेळ लागला ते मी पूर्ण ऐकलं.

हे परत खुर्चीत जाऊन बसले आणि हेडफोन चढवला. मी पँट मशीनवर घेतली. डावा पाय उसवला, दोन बोटं खूण केली, जास्तीचं कापड कापलं, दुमड घातली. टिपेला सुरुवात केली. टीप संपली तेव्हा मला जाणवलं, की मघापासून खोलीत बासरी नाहीये. मशीन थांबली तरी काही नाही. उघड्या पाठीतून काहीच येत नव्हतं.

मी वाकून पाहिलं. वायरचं टोक डब्यात नव्हतं. फरशीवर पडलेलं होतं. सकाळी केर काढताना निघालं असेल, असं वाटून मी ते उचललं आणि डब्याला लावायला गेले.

"राहू दे," हे म्हणाले. त्यांचे डोळे उघडे होते. "मीच काढलीय. वाजलं की आता चुकीचं वाजतं. असं बसलं की सगळं जागच्या जागी येतं." मग म्हणाले, "काही लावू नकोस."

मी टोक खाली ठेवलं आणि मशीनपाशी येऊन बसले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. जाळीतून त्यांचे पिकलेले केस दिसत होते. ही उघडी पाठ माझ्यासाठी घेतली होती. मी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून.

"अहो," मी म्हणाले. नेहमीच्या आवाजात. "आदल्या दिवशी मुकादम आला होता. त्याने मला विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. त्याचा पाय तुमच्यामुळे अधू झाला नाही, माझ्यामुळे झाला."

सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. त्यांच्या समोर जाऊन, ओठ दिसतील असं उभं राहून सांगायचं धैर्य मात्र मला झालं नाही.

त्यांनी मान वळवली. "काय गं?"

मी विचारलं, "काय?"

"मशीन का थांबली?"

तेव्हा मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. चपला बाजूला काढून ठेवल्या होत्या. दोन्ही तळवे फरशीला सपाट टेकलेले, बोटं पसरलेली. माझ्या मशीनचा खालचा पाय त्यांच्या टाचेपासून वीतभर अंतरावर होता. खुर्ची इतकी जवळ कधी सरकली, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"काम संपलं," मी त्यांना दिसेल असं म्हणाले.

"अजून काही असेल तर कर ना," ते म्हणाले. "चालू असली की कळतं, तू आहेस ते." आणि पुन्हा पुढे वळून त्यांनी डोळे मिटले.

शिवायचं काही राहिलं नव्हतं. मी मुकादमाची पँट घडी करून बाजूला ठेवली, सुईतला दोरा काढून घेतला, आणि रिकाम्या मशीनवर पाय मारायला लागले. थोड्या वेळाने ह्यांनी बोट वर केलं.

"इथे," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले, आणि पाय थांबवला नाही.